पायाखालचा प्रोसेसर: किती मोठा, किती स्विचचा?

मागच्या अंकात गिटारच्या अँप मॉडेलरबद्दल, म्हणजे अँप्लिफायरचे आणि इफेक्टचे आवाज एकाच डब्यात देणाऱ्या, आपल्याकडे सगळे ज्याला सरळ प्रोसेसर म्हणतात त्या यंत्राबद्दल प्रश्न मागवले होते. वाटलं होतं सगळे आवाजाबद्दल विचारतील, पण बरीचशी पत्रं आली ती साइजची आणि फुटस्विचची, म्हणजे पायाने दाबायच्या बटणांची. मला फार बरं वाटलं, कारण दुकानात आपण हेडफोन लावून टोन ऐकतो आणि घेऊन येतो, आणि नंतर स्टेजवर रडतो ते पायामुळे. जागेत बसतील तेवढी पत्रं घेतलीयेत.

मी नाशिकला ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. बॉस जीटी-१ आहे. नॉनस्टॉप मेडलीत क्लीनवरून (स्वच्छ आवाज) क्रंच (किंचित फाटलेला), क्रंचवरून सोलो, परत क्लीन असं पटापट करावं लागतं आणि तीन स्विच पुरत नाहीत. एचएक्स स्टॉम्प घेऊ, हेलिक्स फ्लोअर घेऊ की क्वाड कॉर्टेक्स? मित्र म्हणतात साउंड क्वाड कॉर्टेक्सचाच घे.

साउंडचं थोडा वेळ बाजूला ठेवा, या तिन्हीपैकी कशाचाही साउंड ऑर्केस्ट्राच्या पीएवर (कार्यक्रमाच्या मोठ्या स्पीकरवर) कमी पडणार नाहीये. तुमची अडचण पायाची आहे तर उत्तर पायातच शोधू.

सगळ्यात आधी एक काम करा. तुमच्या मेडलीची यादी घ्या आणि प्रत्येक गाण्यापुढे लिहा की गाणं चालू असताना, म्हणजे दोन ओळींच्या मधे, कुठला स्विच दाबावा लागतो. गाणं संपल्यावर जे दाबता ते यात धरायचं नाही, तिथे वेळ असतो, वाकून हाताने केलं तरी चालतं. मधे दाबायचे स्विच मोजले की बहुतेक लोकांचा आकडा चार ते सहामधे येतो: क्लीन, क्रंच, लीड (सोलोचा आवाज), डिले (प्रतिध्वनी), कधी कोरस किंवा ट्रेमोलोसारखा इफेक्ट, आणि टॅप टेम्पो (पायाने ठेका देऊन डिलेचा वेग ठरवणं). हा आकडा हातात नसताना प्रोसेसर निवडणं म्हणजे माप न घेता पँट शिवायला टाकणं.

आता एचएक्स स्टॉम्प बघा. २०१८ला आला, १७८ मिलिमीटर रुंद, १२६ खोल, वजन १.१ किलो, आणि आत मोठ्या भावाचे, म्हणजे हेलिक्सचेच अँप आणि इफेक्ट. पण त्यालाही स्विच तीनच आहेत. म्हणजे तुम्ही तीनवरून तीनवर जाणार. फरक एवढाच की त्यात स्नॅपशॉट आहेत, आणि हा फरक मोठा आहे हे मान्य केलं पाहिजे. पॅच, म्हणजे साठवून ठेवलेला सेटअप (यालाच प्रिसेटही म्हणतात), बदलला की प्रोसेसर एक सेटअप टाकून दुसरा लोड करतो, त्यात बऱ्याच युनिटांत बारीकसा खंड पडतो, चालू डिलेची शेपटीही तुटू शकते. स्नॅपशॉटमधे पॅच तोच राहतो, फक्त आतले इफेक्ट चालू-बंद होतात आणि नॉबच्या जागा बदलतात, त्यामुळे खंड पडत नाही. स्टॉम्पमधे एका प्रिसेटला तीन स्नॅपशॉट मिळतात, तर क्लीन, क्रंच, लीड एवढं तीन स्विचवर बसलं. पण मग डिले वेगळा कुठून चालू करणार आणि टॅप टेम्पो कुठे देणार? तिथे बाहेरून स्विच जोडावा लागतो, आणि जोडला की छोटा डबा छोटा राहत नाही. स्टॉम्प, त्याच्या शेजारी दोन स्विचचं पेडल, व्हॉल्यूम पेडल, खाली बोर्ड, अडॅप्टर, आणि मागे सरळ प्लग असतील तर त्यांची सहा-सात सेंटीमीटर जागा. हे सगळं मांडून झालं की लक्षात येतं की याहून पॉड गो हा दुसरा प्रोसेसर कमी जागेत बसला असता, साधारण ३६ बाय २३ सेंटीमीटर, सव्वादोन किलोच्या आसपास, आठ स्विच आणि पेडल जागेवरच.

क्वाड कॉर्टेक्सची गोष्ट वेगळी. २९ सेंटीमीटर रुंद आणि १९ खोल एवढ्यात ११ स्विच आणि ७ इंची टचस्क्रीन बसवलीये, आणि हे जमलं कारण स्विच हेच फिरवायचे नॉब आहेत, वेगळ्या नॉबांना जागाच द्यावी लागली नाही. डोकं लावलंय खरंच. पण आता पायाच्या बाजूने बघा. दोन ओळी आहेत आणि एका ओळीत पाच स्विच (अकरावा वेगळा), म्हणजे रुंदी पाचने भागली की एका स्विचच्या वाट्याला सहा सेंटीमीटरसुद्धा येत नाहीत. आपल्या बुटाची पुढची रुंदी दहा सेंटीमीटरच्या आसपास असते. एका स्विचच्या बरोबर मधे पाय ठेवला तर बूट दोन्हीकडे पाच-पाच सेंटीमीटर पसरणार. शेजारच्या स्विचचा मध्य सहा सेंटीमीटरवर धरला आणि त्याची टोपी सव्वा सेंटीमीटरची धरली तर तिची कड साडेपाचच्या आतच येते. म्हणजे बूट आणि शेजारचा स्विच यांच्यामधे उरले चार मिलिमीटर. उजेडात, शांतपणे, बुटाच्या टोकाने दाबलं तर काही होत नाही, शेकडो लोक त्यावर मस्त वाजवतात, पण नाचता नाचता किंवा अंधारात दाबणारा असेल तर दोन स्विच एकदम दाबले जाणार.

हेलिक्स फ्लोअर ५६ सेंटीमीटर रुंद आहे, ६.६ किलो. पेडलची जागा सोडली तरी एका ओळीतल्या सहा स्विचना प्रत्येकी सात सेंटीमीटरच्या वर जागा मिळते. हा एक सेंटीमीटर कागदावर किरकोळ दिसतो पण चार मिलिमीटरचे चौदा होतात, आणि स्टेजवर तेच सगळं आहे. शिवाय त्याच्या स्विचवर छोट्या पट्ट्यांसारखे स्क्रीन आहेत, त्यात ‘लीड’, ‘डिले’ असं नाव दिसतं. हेलिक्स एलटीमधे ते काढलेत, तिथे नावं मुख्य स्क्रीनवर बघायची.

तर तुम्ही काय करावं. घरी जुन्या पुठ्ठ्यावर तीन आराखडे काढा: एक १८ सेंटीमीटरचा तीन स्विचचा, एक २९चा पाच-पाच स्विचच्या दोन ओळींचा, एक ५६चा. स्विचच्या जागी बाटलीची झाकणं डकवा, जमिनीवर ठेवा, जो बूट घालून कार्यक्रमाला जाता तोच घाला, गिटार गळ्यात घ्या आणि मेडली पूर्ण वाजवा, खाली न बघता. कुठलं झाकण चुकतंय ते पुठ्ठाच सांगेल. माझं मत विचाराल तर, तुमचा ऑर्केस्ट्रा टेम्पो गाडीने फिरतो आणि सामान ठेवायला जागा असते, तुम्हाला मोठ्या अंतराचा बोर्डच हवा. हेलिक्स बजेटबाहेर असेल तर पॉड गो बघा, त्यात अँप एकच लावता येतो आणि मोकळे ब्लॉक (इफेक्ट लावायच्या जागा) कमी आहेत पण मेडलीला ते पुरतं. बॉस जीटी-१०००सुद्धा ४६ सेंटीमीटरचा आणि ३.६ किलोचा आहे, मधला मार्ग म्हणून वाईट नाही.

आमचं भजनी मंडळ आहे, ठाण्यात. स्टेजवर चपला-बूट चालत नाहीत, मी अनवाणी वाजवतो. हेलिक्स आहे. लोखंडी स्विच तळव्याला टोचतात आणि मधेच स्क्रीनवर भलतंच काहीतरी उघडतं. काय करू?

भलतंच उघडतं त्याचं कारण तुमचा अनवाणी पायच आहे. हेलिक्सच्या स्विचना स्पर्श कळतो. सोय अशी दिलीये की हाताने स्विचला नुसतं टेकलं की त्यावरचा इफेक्ट स्क्रीनवर सिलेक्ट होतो, आणि दोन स्विचवर बोटं टेकवून ठेवली की त्यांची अदलाबदल करायची का असं विचारतो. बुटाने हे होत नाही, पण उघड्या त्वचेने होतं, मग ती बोटाची असो की अंगठ्याची. ग्लोबल सेटिंग्जमधे फुटस्विचचं पान आहे तिथे स्टॉम्प सिलेक्ट नावाचा पर्याय शोधा आणि टच बंद करा. पातळ मोजे घातले तरी फरक पडतो, पण गुळगुळीत स्टेजवर मोजे घसरतात, म्हणून सेटिंगच बदललेली बरी.

टोचण्यावर उपाय म्हणजे टॉपर. प्लास्टिकच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या गोल टोप्या मिळतात, स्विचवर दाबून बसवायच्या, तळव्याला रुंद आणि सपाट आधार मिळतो. पण सगळ्या स्विचवर लावू नका. टॉपरने स्विच रुंद होतो आणि मधली मोकळी जागा तेवढीच कमी होते, म्हणजे वर नाशिकच्या उत्तरात जे गणित केलंय ते तुमच्याविरुद्ध जातं. जे दोन-तीन स्विच गाण्यात दाबता त्यांनाच लावा, आणि ते एकमेकांना लागून नसतील अशी मांडणी करा. एक वेगळा फायदा असा की अनवाणी पायाला टॉपर न बघता सापडतो, डोळे मिटून वाजवणाऱ्याला याची किंमत विचारा.

आणि तुम्ही मांडी घालून बसत असाल (पत्रात लिहिलं नाहीये) तर पायाचा विषयच सोडा. प्रोसेसर उजव्या गुडघ्याच्या पुढे, किंचित तिरका, पुस्तकाचा आधार देऊन ठेवा आणि हातानेच दाबा. बैठकीत हे कोणालाही खटकत नाही. तेव्हा मात्र ५६ सेंटीमीटरचा बोर्ड गैरसोयीचा होतो, टाळकरी आणि तबल्याच्या मधे तो मावत नाही, तिथे तीन स्विचचा छोटा डबाच खरा कामाचा.

दादा, मी कोल्हापूरला कॉलेजला आहे, गावाहून एसटीने येतो-जातो. पहिलाच प्रोसेसर घ्यायचाय, बजेट कमी. छोटा घेतला तर नंतर पश्चात्ताप होईल का?

अजिबात नाही. तू शिकतोयस, तुला आत्ता एका वेळी एक-दोन स्विचच लागणार. जीटी-१ला जड बोर्ड लागत नाही, १.३ किलोचा आहे, बॅगेत पुस्तकांबरोबर बसतो, आणि चार पेन्सिल सेलवर चालतो. झूमचा जी१ फोरसुद्धा चार सेलवर चालतो. गावाकडे लाइट गेली की या सेलची किंमत कळते. जास्त स्विच हवेच असतील तर व्हॅलेटन जीपी-२०० बघ, त्याला आठ आहेत आणि पेडलही आहे, पण तो बॅगेतून रोज नेण्यासारखा नाही.

एक सांगतो, हलका डबा जमिनीवर सरकतो. केबल ओढली गेली की तो मागे जातो आणि पाय मोकळ्या फरशीवर पडतो. खाली जाड रबरी मॅटचा तुकडा टाक आणि केबल आधी मॅटखालून घेऊन मग जॅकला लाव, ओढ मॅटवर येते, डब्यावर येत नाही.

मडगावहून लिहितोय. फ्रॅक्टल एफएम३ आहे. तीन स्विच म्हणून प्रत्येकावर टॅपला (दाबून लगेच सोडलं की) एक आणि होल्डला (दाबून धरलं की) एक असं काम लावलंय. सोलोचा स्विच दाबला की आवाज थोडा उशिरा बदलतो असं वाटतं. मशीन खराब आहे का?

मशीन उत्तम आहे. तुम्ही दाबल्यावर त्याला अजून माहीत नसतं की तुम्हाला टॅप हवाय की होल्ड, ते कळतं तुम्ही पाय उचलल्यावरच. म्हणून ज्या स्विचवर होल्डचं काम लावलंय त्याचं टॅपचं काम पाय उचलताना होतं, दाबताना नाही. ज्यावर होल्ड लावलेलं नाही तो दाबल्याक्षणी चालतो. तुम्ही सम पकडून दाबताय आणि अर्ध्या मात्रेने पाय उचलताय, तेवढाच उशीर ऐकू येतोय.

आपल्याला ताल हातात भिनलेला असतो म्हणून हे इतकं खटकतं. दोन मार्ग आहेत. सोलोच्या स्विचवरचं होल्ड काढून टाका आणि ते काम दुसऱ्या स्विचवर न्या, जिथे वेळेची घाई नाही, उदाहरणार्थ ट्यूनर. किंवा आधीच दाबून धरा आणि समेवर पाय उचला, काही लोकांना ही सवय एका आठवड्यात लागते आणि मग त्यांना तीच आवडते, कारण उचलण्याची वेळ दाबण्यापेक्षा नेमकी साधता येते. मात्र फार लवकर दाबून धरलं तर होल्डचंच काम होऊन बसेल हे लक्षात ठेवा.

तीनमधे सहा कामं कोंबणं मला स्वतःला पटत नाही. एफएम३ला मागे पेडलचे दोन जॅक आहेत, तिथे बाहेरचा स्विच लावून सोलो त्यावर द्या. पुढेमागे एफसी-६ कंट्रोलर घेतलात तर सहा स्विच मिळतात, आणि मूळ डबा मागे अँपजवळ ठेवता येतो, पुढे फक्त कंट्रोलर. ही कल्पना जुनीच आहे तशी. १९९८चा लाइन ६ पॉड टेबलावर ठेवायचा, राजम्याच्या दाण्यासारखा लाल डबा, त्याच्यावर पायाने दाबायला काहीच नव्हतं, फुटबोर्ड वेगळा जोडायचा. केम्परचंही सुरुवातीला तसंच, डबा वर आणि रिमोट खाली, मग २०१९ला सगळं एकात असलेला स्टेज आला. एकात सगळं सुटसुटीत असतं, पण आवाजाचा डबा आणि पायाचा डबा वेगळे असले तर पायाला हवी तेवढी जागा देता येते.

नोकरीनिमित्त बंगळुरूला असतो, कार्यक्रमांसाठी पुण्या-मुंबईला विमानाने येतो. कुठला प्रोसेसर हातातल्या बॅगेत बसेल?

देशात इकॉनॉमीला हातातल्या सामानाची मर्यादा साधारण ७ किलो असते आणि बॅगेची लांबी ५५ सेंटीमीटरच्या आत लागते. हेलिक्स फ्लोअर ५६ सेंटीमीटर आणि ६.६ किलो, म्हणजे मापातच अडतो, आणि गिटारचा प्रश्न वेगळाच. तुम्हाला क्वाड कॉर्टेक्स, एचएक्स स्टॉम्प किंवा जीटी-१०००कोअर यातलं एक. कोअर ९२० ग्रॅमचा आहे, तीन स्विच. स्टॉम्प एक्सएलला आठ स्विच आहेत आणि रुंदी ३२ सेंटीमीटरच्या आसपास, पण खोली स्टॉम्पएवढीच, जेमतेम १२ सेंटीमीटर, म्हणजे दोन ओळी एकमेकांच्या फार जवळ. मागच्या ओळीत गाण्यांच्या मधे लागणारी कामं ठेवा, पुढच्या ओळीत गाण्यात लागणारी. टाच जमिनीवर टेकवून पुढची ओळ दाबता येते, मागच्या ओळीला पूर्ण पाय उचलावा लागतो आणि तोल जातो, म्हणून हा नियम मोठ्या बोर्डालाही लावा.

स्टॉम्प घेतलात तर अडॅप्टर जपा. त्याला ९ व्होल्टवर ३ अँपिअर लागतात, साध्या पेडलचा अडॅप्टर त्याला पुरत नाही, आणि कार्यक्रमाच्या संध्याकाळी दुसरा कुठून मिळत नाही. एक जास्तीचा बॅगेत ठेवाच.

नागपूर. पायाने पुढेमागे करायचं पेडल असलेला घ्यावा की बिनपेडलचा?

वॉ (पेडल हलवून ‘वा-वा’ असा आवाज काढणारा इफेक्ट) वाजवत असाल किंवा गाण्यात व्हॉल्यूम पायाने फुलवत असाल तर असलेला. नसाल तर बिनपेडलचा, दहा-बारा सेंटीमीटर रुंदी वाचते आणि तीच स्विचना मिळते. छोट्या युनिटांवरची पेडलं आखूड असतात, टाचेपासून पंजापर्यंतचा प्रवास कमी, त्यामुळे वॉ थोडा आदळल्यासारखा वाजतो, हे दुकानात उभं राहून तपासा. बसून तपासू नका, बसल्यावर घोट्याचा कोन बदलतो.

एचएक्स स्टॉम्पला बाहेरून दोन स्विच जोडायचेत. बॉस एफएस-५यू घेऊ, एफएस-५एल घेऊ की एफएस-६? सांगलीत मिळेल ते घेणार. (सांगली)

एफएस-५एल नको, तो लॅच प्रकारचा आहे, एकदा दाबला की दाबलेलाच राहतो, आणि प्रोसेसरला नुसता दाबून सुटणारा हवा असतो. एफएस-५यू असा दाबून सुटणारा आहे पण त्यावर स्विच एकच. दोन हवेत तर एफएस-६ किंवा त्याचा छोटा भाऊ एफएस-७, दोन्हीत लॅच की मोमेंटरी (दाबून सुटणारा) ते निवडायची सोय आहे, मोमेंटरीवर ठेवा. एफएस-६ला तीन जॅक असतात, त्यातला ए आणि बी एकत्र असलेला वापरा, आणि केबल स्टिरिओ घ्या, म्हणजे जिच्या प्लगवर दोन काळ्या रेघा असतात ती. गिटारची नेहमीची मोनो केबल लावली तर दोनपैकी एकच स्विच चालतो आणि लोकांना वाटतं पेडल खराब निघालं. स्टॉम्पच्या सेटिंगमधे तो जॅक एक्स्प्रेशनवरून (पायाने हलवायच्या पेडलवरून) फुटस्विचवर करायला विसरू नका. एवढं करून एखादा स्विच उलटा चालत असेल, म्हणजे सोडल्यावर काम करत असेल, तर पेडलवरचा पोलॅरिटीचा छोटा स्विच दुसऱ्या बाजूला करा.